सपाट रुळावरची टेकडी

चैत्र सरताना आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि केळीची पानं फाडत जातो. बागेच्या त्या अंगाला हिरवी जाळी बांधलेली असते, तरी दुपारी घरात बसून पानांची फडफड ऐकू येते. कोणी नवं कापड टराटरा फाडत बसलंय असं वाटतं. हा वारा सुटला की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली समजायचं. गल्लीतल्या निंबाला झोक्याचा दोर बांधतात. सासरी गेलेल्या पोरी एकेक करून येतात, आणि चार-आठ दिवस गल्लीत फक्त त्यांचेच आवाज असतात.

यंदा दोर मंगळवारी बांधला. समोरच्या काकू झोक्याच्या फळीवर उभ्या राहून दोर ताणून बघत होत्या. मला म्हणाल्या, "काय वं अक्का, कविता कधी येऊ राहिली?"

"येईल," मी म्हटलं आणि घरात आले.

कविता माझी मोठी मुलगी. धुळ्याच्या पुढे एका गावात दिली आहे. ती यंदा येणार नाही, असा निरोप तिच्या सासऱ्यांनी आमच्या यांच्याजवळ दिला आहे. घरी काम आहे म्हणे. मी हे काकूंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं मला तोंडाने सांगता येत नाही. लिहिता येतं. चौथीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून माझं शिक्षण तिथेच थांबलं, पण अक्षर चांगलं आहे. माझी धाकटी, हर्षा, कॉलेजला आहे. तिच्या जुन्या जर्नलमधली कोरी पानं उरतात, त्यावर मी लिहिते. चौकटीचौकटीचा कागद असतो तो. लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं, एवढंच मला त्यातलं आवडतं.

आता सारखी गेल्या वर्षीची आखाजी डोळ्यांसमोर येते.

गेल्या वर्षी हर्षा अमळनेरहून सुटीत आली ती मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊनच. त्याची बॅटरी मेलेली होती. तार भिंतीत खुपसलेली असली तरच चालायचा, आणि दुपारी लाइट गेली की पडदा एकदम काळा. तिला फिजिक्सचा एक प्रकल्प करायचा होता. मी माजघरात कुरडयांचा चीक घाटत होते आणि ती कूलरच्या समोर मांडी घालून त्या पडद्यात बघत होती.

"आई, हात धुऊन ये ना. मला कोणीतरी आकडे वाचून दाखवणारं पाहिजे."

"मला काय कळतं त्यातलं."

"कळायचं नाहीच. आकडे वाचायचे. केळीच्या काट्यावर वाचते ना तू, तसे."

ते खरं होतं. मी बरीच वर्षं केळी भरायच्या कामावर गेले. घडाच्या फण्या कापायच्या, धुवायच्या, खोक्यात लावायच्या, आणि काट्यावरचा लाल आकडा मोठ्याने सांगायचा. माझा आवाज तेवढ्यापुरता निघायचा. आकडा सांगताना आपलं असं काही बोलावं लागत नाही.

पडद्याचे दोन भाग होते. खालच्या भागात एक सरळ रूळ आणि त्यावर लाल रंगाची छोटी गाडी. रूळ अगदी सपाट, पाण्याची पातळी लावून टाकल्यासारखा. वरच्या भागात मात्र एक रेघ होती, दोन्ही टोकांना भिंतीसारखी चढलेली, मधे एक टेकडी आणि टेकडीच्या दोन बाजूंना दोन खळगे. मला वाटलं, हा सातपुडा काढलाय कोणीतरी. मी म्हटलं, "गाडी खालून का चालते? डोंगर तर वर आहे."

हर्षा हसली. "तोच तर घोळ होतो सगळ्यांचा. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना पण वाटतं की गाडी त्या डोंगरावर चढते. तो डोंगर नाही, आलेख आहे. पोटेन्शियल एनर्जीचा. स्थितिज ऊर्जा म्हणतात मराठीत. गाडीत चुंबक आहे, रुळाखाली पण चुंबक दडवलेत. ते गाडीला मागे लोटतात. म्हणजे जमीन सपाटच आहे, पण गाडीला तिथे टेकडी असल्यासारखं लागतं."

"दिसत नाही, पण लागतं."

"बरोब्बर."

मग तिने एक लग्नपत्रिका घेतली आणि चिकटपट्टीने पडद्याच्या वरच्या भागावर लावून टाकली. टेकडी गेली. उरला सपाट रूळ आणि गाडी. तिचा प्रकल्प हाच होता. आलेख झाकायचा, गाडीला ढकलायचं, रुळावरच्या एकेका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला तिला किती वेळ लागतो ते लिहायचं, आणि नुसत्या वेळावरून टेकडी कुठे आहे, किती उंच आहे ते शोधून काढायचं. दर वेळी कॉम्प्युटर टेकडीची जागा बदलणार.

मी वाचू लागले. "एक पॉइंट दोन. एक पॉइंट दोन. एक पॉइंट पाच. दोन पॉइंट तीन. चार पॉइंट शून्य." हर्षा लिहीत होती. "दोन पॉइंट दोन. एक पॉइंट पाच."

"ही घे," मी म्हटलं आणि पाचव्या खुणेजवळ बोट ठेवलं. "टेकडी इथे आहे."

"थांब, अजून गणित करायचंय."

"कर. पण इथेच आहे."

तिने गणित केलं, पत्रिका वर उचलून बघितलं, आणि माझा हात धरून ओरडली, "ताई, आई पास झाली!"

कविता तेव्हा दारात बसून कैऱ्या चिरत होती. आदल्याच दिवशी हे तिला धुळ्याकडून घेऊन आले होते. आम्हाला मुलगा नाही, म्हणून मुराळी होऊन दर वर्षी हेच जातात. कविताने मान वर केली. "तुला कसं कळलं वं आई?"

"तिथे मंद झाली ना ती."

खरं तर मला ते माझ्या वडिलांमुळे कळलं. तेव्हा ठिबक नव्हतं, पाटाचं पाणी होतं. माहेरचं आमचं शेत ताटासारखं सपाट दिसायचं. मी लहान असताना वडिलांबरोबर दारं धरायला जायची, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायला. पाणी सरसर येत असायचं आणि मधेच एका जागी रेंगाळायचं. मी म्हणायची, इथं तर काहीच नाही, मग थांबलं का? वडील म्हणायचे, "पानी थांबनं का तठे चढ शे, समजी ले. आपला डोया खोटं सांगी, पानी नही." पाणी थांबलं की तिथे चढ आहे समज; डोळे खोटं सांगतील, पाणी सांगणार नाही. मग ते फावड्याने तिथली माती थोडी ओढायचे आणि पाणी पुढे जायचं.

हे मी तेव्हा कविताला सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. मला वाटलं, दूध बघायला गेली असेल. नंतर पाहिलं तर शेगडी बंदच होती.

त्याआधीच्या दिवाळीत कविता मला म्हणाली होती. गच्चीवर आम्ही दोघीच होतो, गोधड्या उन्हात घालत होतो. ती म्हणाली, "आई, ते बोलत नाहीत."

"कोण?"

"कोणीच. सासूबाई, सासरे, हे पण. काहीतरी बिनसतं आणि बोलणं बंद करतात. एकदा बावीस दिवस. काय चुकलं तेही सांगत नाहीत. मी विचारलं तर उठून जातात. सासूबाईंना काही सांगायचं असलं तर म्हशीला सांगतात मला ऐकू जाईल असं, 'भांडे पडेल शेतस वाटतं.' म्हणजे भांडी तशीच पडलीत. जेवायला वाढते, जेवतात. माझं ताट मीच वाढून घेते."

मी विचारलं, "मारतात का?"

"नाही."

"शिव्या देतात?"

"नाही गं. बोलतच नाहीत म्हटलं ना."

आणि मी, तिची आई, काय म्हटलं? मी म्हटलं, "मग बरंच की. कटकट नाही डोक्याला."

मला वाटलं होतं मी तिला धीर देतेय. मी स्वतः आयुष्यभर कमी बोललेली बाई. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी या घरात किती शब्द बोलले असेन ते बोटांवर मोजता येतील. पण माझ्या सासूबाई माझ्याशी बोलत होत्या. रागावून का होईना, नावाने हाक मारत होत्या. आपण गप्प राहणं आणि आपल्याला कोणी गप्प करणं यातला फरक मला त्या गच्चीवर कळला नाही. गोधडीचं एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या. तिने ते नीट पसरलं, वरून हात फिरवला, आणि तो विषय परत काढला नाही. दिवाळीत नाही, फोनवर नाही.

गेल्या आखाजीला आल्यावर ती हसत होती, झोक्यावर बसत होती. काकू तिला झोका देता देता विचारायच्या, "नवऱ्याचं नाव घे, नाहीतर उतरू देणार नाही!" आणि ती उखाणा घ्यायची. चांगला घ्यायची. सगळ्या म्हणायच्या, पोरगी सुखात आहे.

एका दुपारी तीच लॅपटॉपसमोर बसली. हर्षा पत्रिका काढून टाकून तिला आलेख दाखवत होती. वर एक आडवी सरळ रेघ होती, गाडीजवळ एकूण किती ताकद आहे ते दाखवणारी. ढकललं की ती रेघ वर जायची. रेघ टेकडीच्या माथ्याच्या वर असेल तर गाडी पलीकडे जाते. खाली असेल तर जाते, जाते, मंद होते, क्षणभर उभी राहते आणि मागे फिरते. कविता दर वेळी रेघ माथ्याच्या किंचित खाली ठेवून ढकलत होती. गाडी दर वेळी तिथपर्यंत जायची आणि परत यायची.

"ताई, जोरात ढकल ना," हर्षा म्हणाली. "बोटभर वर घे फक्त."

"बघू दे. किती थोडक्यात राहते ते बघते."

"पण मग ती अशीच राहील. मागे-पुढे, मागे-पुढे. घर्षण शून्य केलंय मी. कधीच थांबायची नाही."

तेव्हा हे आत आले. केळीला पाणी सोडून आले होते, पायांना चिखल. "काय चाललंय पोरींचं? चहा मिळेल का कोणाला?"

कविता चहा ठेवायला उठली. मी पडद्याकडे बघत राहिले. गाडी जात होती, येत होती. मी कुरडया उचलून आले, पीठ चाळलं, पुन्हा बघितलं, ती जात होती, येत होती. मी हर्षाला म्हटलं, "ही दमत नाही का?"

"दमायला काय आहे तिला? घर्षणच नाही. खऱ्या जगात असं नसतं. हे बघ." तिने एक बटण थोडं सरकवलं. गाडीची चाल हळूहळू लहान होत गेली. टेकडीपर्यंत जाईना. मग अर्ध्यापर्यंत जाईना. मग एका खळग्यात थोडी हलत राहिली आणि थांबली.

यांनी चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हटलं, "चला, झाली बुवा स्थिर."

कविता ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "बसली बिचारी."

तेवढं एकच वाक्य. आमच्याकडे पोरगी सासरी रुळली, तिचं येणं-जाणं कमी झालं, तक्रार थांबली, की म्हणतात नांदती झाली, स्थिर झाली. मी स्वतः कितीदा हे म्हटलं असेल, कितीजणींबद्दल.

त्यानंतर मला दिसायला लागलं. ती सगळी कामं भरभर करायची, लहानपणापासूनची सवय. कैरी चिरणं, दोर गुंडाळणं, हर्षाची वेणी घालणं. पण तिचा फोन वाजला आणि धुळ्याचा असला की हातातली पळी हळू फिरायची. परत न्यायच्या पिशवीत साडी ठेवताना ती घडी तीनदा मोडायची. कोणी 'सासूबाई' म्हटलं की तिचं पुढचं वाक्य जरा उशिरा यायचं. सपाट जमिनीवर एकेक खूण, आणि दर खुणेला लागणारा वेळ. मला आता गणित करायची गरज नव्हती. टेकडी कुठे आहे ते मला बोट ठेवून सांगता आलं असतं. पण मी सांगितलं नाही. कोणाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, तेच कळेना. मारत नाहीत, दारू पीत नाहीत, घर पक्कं आहे, शेती आहे. मी काय दाखवणार होते? पळी हळू फिरते हे?

आखाजीनंतर चौथ्या दिवशी तिचे सासरे तिला न्यायला आले, जीप घेऊन. सगळे त्यांना आबा म्हणतात. हसतमुख माणूस आहे. बाहेर खाटेवर बसले, यांच्याशी केळीच्या भावाचं बोलले, उन्हाचं बोलले. हर्षाला म्हणाले, "काय पोरी, काय दखस त्या डबामा?" हर्षाने त्यांना लॅपटॉपवर गाडी दाखवली. "बरं शे, बरं शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "विहीणबाई, आते पोरगीले लवकर निंघू द्या. बठ्ठं घर हिनी वाट दखी ऱ्हायनं." सगळं घर हिची वाट बघतंय म्हणे.

मी दारात पदर धरून उभी होते. ओठांवर वाक्य होतं. 'आबा, तुमच्या घरात हिच्याशी कोणी बोलत का नाही?' एवढंच. सात-आठ शब्द. मी ते मनात चार वेळा म्हटलं. पाचव्या वेळी हे म्हणाले, "अगं, आमरस आण ना आबांना, उभी काय राहिली," आणि मी आत गेले. वाट्या भरल्या. बाहेर आले तेव्हा ते दोघं कशावरून तरी मोठ्याने हसत होते, आणि हसणाऱ्या माणसांमधे ते वाक्य ठेवायला मला जागा सापडली नाही.

कविता निघाली. देवाला नमस्कार केला. माजघरातून ओसरीपर्यंत ती इतक्या हळू आली की हर्षा म्हणाली, "ताई, पाय दुखतोय का?" उंबऱ्यापाशी थांबली. माझ्या पाया पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिथे तिचा श्वास थांबलेला मला हाताला कळला. मग तिने उंबरा ओलांडला, आणि ओलांडल्यावर ती भरभर चालायला लागली. अंगण, फाटक, जीप. मागे वळून न बघता, जवळजवळ पळतच.

आबा खूश झाले. "दखा, दखा! कशी बिगी बिगी चालनी. घरनी ओढ शे ना!"

हेही हसले. गल्लीतल्या दोघी-तिघी हसल्या.

मी नाही हसले. मी ती गाडी शंभर वेळा बघितली होती. माथ्यापर्यंत मंद, मंद, आणि माथा गेला की पलीकडे सुसाट. त्या वेगाला ओढ म्हणायचं का?

जीप गेल्यावर मी हर्षाला विचारलं, "टेकडी उतरताना गाडीचा वेग वाढतो ना?"

"हो."

"मग तो वेग गाडीचा म्हणायचा, की उताराचा?"

ती वही मिटून माझ्याकडे बघत राहिली. "आई, फिजिक्समधे असं विचारत नाहीत," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचे डोळे भरले. तिलाही कळलं होतं. पण आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो. लॅपटॉप मैत्रिणीला परत द्यायचा होता, कुरडया डब्यात भरायच्या होत्या. असंच होतं. कळलेलं बाजूला ठेवायला काम नेहमी सापडतं.

वर्षभर मी काय केलं ते आता लिहिते, कारण ते कोणाला सांगितलं तर हसतील. दर रविवारी दुपारी मी कविताला फोन लावते. मोबाइलवर बोलताना सेकंद पुढे सरकताना दिसतात. मी फोन कानाला न लावता समोर धरून, आवाज मोठा करून बोलायला लागले. मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायला किती सेकंद लागतात ते बघायचे. जेवलीस का? लगेच. पाऊस आहे का तिकडे? लगेच. जावई कसे आहेत? तीन. सासूबाई बोलतात ना? सहा. मग चौकटीच्या कागदावर लिहायचे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला सेकंद. हर्षाने शिकवल्यासारखे ठिपके दिले आणि जोडले. टेकडी उभी राहिली. दिवाळीपर्यंत ती उंच होत गेली. एका रविवारी 'सगळे बोलतात ना' याला अकरा सेकंद लागले, आणि मग ती म्हणाली, "हो गं."

दिवाळीला ती आली नाही. घरात कोणी आजारी होतं म्हणे. हे म्हणाले, "असतात अडचणी." मी कागदाची घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवली.

संक्रांतीनंतर ठिपके खाली यायला लागले. सहाचे चार झाले, चाराचे दोन. होळीनंतर तर कुठल्याच प्रश्नाला वेळ लागेना. सासूबाई? बऱ्या आहेत. जावई? बरे आहेत. तू? बरी आहे. सगळ्या प्रश्नांना एकच वेळ, एकच सूर. कागदावर रेघ आडवी, सरळ. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी गोड केलं. यांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, साखर जास्त होती." मनात म्हटलं, टेकडी गेली. माझ्या पोरीशी आता बोलत असतील.

मागच्या आठवड्यात हर्षा घरी आली, तेव्हा डाळ काढताना तिला तो कागद सापडला. तिने बराच वेळ बघितला. मला वाटलं, रागावेल किंवा हसेल. तिने फक्त विचारलं, "आई, हे ताईचं आहे?"

मी मान हलवली. म्हटलं, "बघ ना, शेवटी सपाट झालं. बरं झालं ना?"

हर्षा हळूच म्हणाली, "आई, गाडी चालत असेल तरच टेकडी कळते. गाडी मंद होते म्हणून आपल्याला कळतं. गाडी खळग्यात जाऊन थांबली, की मग सगळीकडे सारखंच दिसतं. टेकडी असते तिथेच. फक्त आपल्याला कळायचं बंद होतं."

मी तो कागद तिच्या हातातून घेतला. त्या आडव्या रेघेवर मी गोड केलं होतं.

सोमवारी, दोर बांधायच्या आदल्या दिवशी, आबांचा निरोप आला, यंदा पाठवत नाही. हे म्हणाले, "राहू दे. नांदती आहे, घर सोडून किती दिवस राहील ती?" मी म्हटलं, "तुम्ही जा आणायला." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना 'जा' असं कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "ते नको म्हणताहेत तर कसं जायचं? शोभतं का?" मी म्हटलं, "मग मी जाते." ते हसले. आईने मुराळी होऊन जायची रीत नाही आमच्यात. व्याह्यांच्या दारात बाई एकटी उभी राहिली तर लोक काय म्हणतील, हे त्यांनी मला पुष्कळ वेळ समजावून सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना सपाट जमीन दिसते आणि ते ती जमीन आहे तशी सांगतात. मीही त्या गच्चीवर तेच केलं होतं.

आज रविवार. जेवणं झाली, हे बागेत गेले, हर्षा झोक्यावर गेली. बाहेरून पोरींची गाणी येत होती. मी फोन लावला. या वेळी कानाला धरला, सेकंद बघितले नाहीत. कागदही जवळ घेतला नाही. नेहमीचे प्रश्न विचारायचे नाहीत, असं मी सकाळपासून ठरवलं होतं. पाठ केलं होतं. तरी आवाज फुटेना. ती दोनदा म्हणाली, "हॅलो? आई?"

मी म्हटलं, "कविता, त्या दिवाळीत गच्चीवर तू मला सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं कटकट नाही डोक्याला. ते चुकलं माझं."

मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा वर्षभर थांबले असते. मी म्हटलं, "मी तुला घ्यायला येते. आखाजीपुरतं नाही. तू म्हणशील तोवर. तुला यायचं असलं तर."

ती बोलली नाही. कितीतरी वेळ बोलली नाही. मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला, मग दार लोटल्याचा. ती चालत बाहेर आली असावी, कारण मग मला तिच्याकडचा वारा ऐकू आला. ती श्वास घेत होती. लहानपणी तापातून उठल्यावर घ्यायची तसा.

"तू येशील?" ती म्हणाली. "की बाबा?"

"मी."

"एकटी?"

"हो."

मग तिने विचारलं, "कोणत्या गाडीने?"

मला गाडी माहीत नव्हती. मी धुळ्याला कधी एकटी गेले नाही. भुसावळला उतरावं लागतं की जळगावला, तेही मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "यांना विचारते आणि सांगते तुला."

"आई," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द भरभर, एकामागे एक आले, "विचारू नको कोणाला. पहिली जी लागेल तिने ये."